गादी ओली करणारं पोर खुनी होत नाही

अंथरूण ओलं करणं, प्राण्यांना छळणं, आगीशी खेळणं. ही तीन लक्षणं दिसली की पोरगं पुढे सायकोपॅथ होणार, हा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. क्राइम सीरिज बघणाऱ्यांना तर तो तोंडपाठ असतो. आणि सात वर्षांच्या मुलाची गादी रोज गॅलरीत वाळत घालणारी आई तो वाचून रात्रभर जागते, याचा मला खरा राग येतो.

मुळात हे आलं कुठून? १९६३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जॉन मॅकडोनाल्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी शंभर रुग्णांवर एक निबंध लिहिला. हे रुग्ण खुनी म्हणून निवडलेले नव्हते. त्यांनी कुणाला तरी ठार मारायची धमकी दिली होती, एवढंच. त्यातल्या फार परपीडक रुग्णांच्या बालपणात या तीन गोष्टी दिसल्या, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे १९६८च्या पुस्तकात खुद्द मॅकडोनाल्ड यांनाच हा संबंध आकडेवारीत सापडला नाही. पण तोवर गाडी सुटली होती. नंतर एफबीआयने तुरुंगातल्या ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून या त्रिकुटाला आणखी वजन आलं. अहो, तुरुंगात जाऊन 'लहानपणी गादी ओली करायचास का?' विचारलं, तर काही जण हो म्हणणारच. तीच सवय असलेली आणि आज बँकेत, शाळेत मुकाट नोकरी करणारी माणसं कुणी मोजली?

पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. गाढ झोप, रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक अपुरं पडणं आणि घराणं, ही त्याची नेहमीची कारणं. आजीला विचारा, बाबांचंही हेच होतं असं बहुधा कळेल.

प्राण्यांचं मात्र जरा थांबून बघावं लागतं. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणारं पाच वर्षांचं पोर क्रूर नसतं. चतुराला दुखतं हे त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं, आणि सांगितलं की बहुतेक मुलं ओशाळून दोरा सोडतात. पिल्लू केकाटतंय हे कळूनही, मोठ्यांची नजर चुकवून, पुन्हा पुन्हा तेच करणारं मूल असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवं.

तज्ज्ञ बघतात ते वेगळंच. चूक केल्यावर अपराधी न वाटणं, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणं, भावना वरवरच्या असणं, अभ्यासात किंवा इतर कामात आपलं कसं चाललंय याची फिकीर नसणं. २०१३च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार यातली किमान दोन लक्षणं वर्षभर, घरी-शाळेत सगळीकडे दिसावी लागतात; तीही वर्तनविकाराचं निदान झालेल्या मुलात. समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचं निदान तर अठराच्या आत करताच येत नाही. तिसरीतल्या मुलाला 'सायकोपॅथ' म्हणणारा डॉक्टर भेटला, तर दुसरा शोधा.

बाकीचे समज थोडक्यात. खोटं बोलतो? तीन-चार वर्षांची मुलं बोलतातच. समोरच्याच्या मनात काय आहे हे कळू लागल्याची ती खूण आहे. नजरेला नजर देत नाही, एकटाच खेळतो? ते ऑटिझममध्येही होतं, आणि या मुलांना दुसऱ्याचं दुखणं कळलं की लागतं. आईबापांनी लाडावलं म्हणून? एसी व्हायडिंग यांच्या २००५च्या ब्रिटिश जुळ्यांच्या अभ्यासात या भावनाशून्यतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला.

मग 'रक्तातच आहे, काय करणार', की 'दोन रट्टे द्या, सरळ होईल'? दोन्ही चूक. अशा मुलांवर शिक्षेचा परिणाम कमी होतो, कौतुकाचा आणि बक्षिसाचा जास्त. अमेरिकेत ५६१ दत्तक कुटुंबांच्या अभ्यासात, ज्या बाळांच्या जन्मदात्या आईला गंभीर समाजविघातक वर्तनाचा इतिहास होता, त्यांच्यात अशा भावनाशून्य वागण्याचा धोका जास्त आढळला. पण दत्तक आई अठराव्या महिन्यात बाळाला भरपूर शाबासकी देत असेल, तर सत्ताविसाव्या महिन्यात तो धोका दिसेनासा झाला होता.