मन म्हणतं टर्बो, खिसा म्हणतो थांब!

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली, बाइकवर तीन पावसाळे काढून झाले, की एक आजार हमखास जडतो. रात्री जेवण झालं की फोन हातात घ्यायचा आणि जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत बसायचं. बजेट चार-पाच लाख. तेवढ्यात नवी घ्यायची तर साधीसुधी छोटी हॅचबॅक मिळते, म्हणजे बाबांच्या भाषेत 'शहाण्या माणसाची गाडी'. आणि तेवढ्याच पैशांत स्क्रीनवर समोर उभी असते सात-आठ वर्षं जुनी, लालभडक टर्बो हॅचबॅक. मग काय, शहाणपण गेलं उडत!

पण या हौसेत लागलेले पैसे बहुतेकांचे पहिल्या कमाईचे असतात. ते एकदाच साठतात आणि चुकीच्या गाडीत गेले की दोन वर्षं मेकॅनिककडेच हप्ते भरावे लागतात. म्हणूनच स्पोर्टी सेकंडहँड गाडी बघायला जाण्याआधी थोडा अभ्यास हवा. हौस मारायची नाही, फक्त तिला शिस्त लावायची.

यादीत कोण कोण?

आपल्याकडे परवडणाऱ्या स्पोर्टी हॅचबॅक तशा मोजक्याच. त्यातल्या दोन तर थेट पुणे जिल्ह्यातल्या. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची. 2013 मध्ये आली, 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. 2020 मध्ये तिला 1.0 लिटरचं 110 पीएसचं इंजिन मिळालं आणि 2022 मध्ये पोलोनं आपला निरोपच घेतला. दुसरी रांजणगावची अबार्थ पुंटो. 2015 ची, 1.4 लिटर टर्बो आणि तब्बल 145 बीएचपी. फियाटनं इथला गाशा गुंडाळला, पण पुंटोचे भक्त अजून कमी झालेले नाहीत.

याशिवाय 2017 ची बलेनो आरएस (1.0 लिटर बूस्टरजेट, 102 पीएस), 2018 ची टियागो जेटीपी (114 पीएस) आणि बजेट थोडं ताणता आलं तर 2021 पासूनची आय ट्वेंटी एन लाइन (120 पीएस). बलेनो आरएस आणि टियागो जेटीपी दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. म्हणजे यातल्या बहुतेक गाड्या हव्या असतील तर सेकंडहँड बाजाराशिवाय पर्याय नाही. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

यादी करताना नुसती ताकद बघू नका, पार्ट बघा. बंद पडलेल्या मॉडेलचा बंपर किंवा हेडलाइट मिळायला किती दिवस लागतात, हे आधी दोन गॅरेजवाल्यांना विचारा. बलेनो आरएसचं बूस्टरजेट इंजिन 2023 मध्ये फ्राँक्समध्ये परत आलं, त्यामुळे तिच्या इंजिनाची ओळख असलेले मेकॅनिक सापडतात. पुंटोच्या बाबतीत मात्र ओळखीचा, जाणकार मेकॅनिक असेल तरच पुढे जा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स चालवायला लोण्यासारखा, पण बिघडला तर खर्च मोठा. गाडीची किंमत आणि गाडी सांभाळायची किंमत हे दोन वेगळे आकडे आहेत. घ्यायच्या आधी दोन्ही कागदावर मांडा.

जाहिरातीची भाषा

जाहिरातींची स्वतःची एक बोली आहे. ती एकदा कळली की निम्मी पायपीट वाचते. 'डॉक्टर यूज्ड' म्हणजे गाडी डॉक्टरची होती, एवढंच. तिची तब्येत चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही. 'लेडी ड्रिव्हन'चंही तेच. बाई चालवते म्हणजे गाडी हळूच चालली असेल, हे कोणी ठरवलं? 'मायनर टचअप' असेल तर दार किंवा फेंडर अख्खं रंगवलंय का ते बघा. 'स्टेज वन' किंवा 'रीमॅप्ड' लिहिलं असेल तर इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवलीय. ऐकायला भारी वाटतं, पण वाढलेल्या ताकदीचा भार क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर आधीच पडून गेलेला असतो.

साध्या गाडीपेक्षा स्पोर्टी गाडीचा इतिहास जास्त महत्त्वाचा असतो तो यामुळेच. ती ज्यानं घेतली, त्यानं पिळायलाच घेतलेली असते. प्रश्न एवढाच, की पिळल्यानंतर वेळच्या वेळी ऑइल बदललं का? म्हणून आकर्षक फोटोंपेक्षा सर्व्हिसची बिलं मागा. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते ओळीनं लावले की मीटर मागे फिरवलाय का, ते लगेच उघडं पडतं. मीटर 40 हजार दाखवतोय आणि स्टिअरिंगचं लेदर गुळगुळीत, पेडलचं रबर झिजलेलं, ड्रायव्हर सीटची कड बसलेली असेल, तर गाडी खरं बोलतेय आणि मीटर खोटं.

'जरा गरम करून ठेवली'

मध्यंतरी माझ्या मावसबहिणीबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो. गाडी तिला घ्यायची होती, पैसे तिचे, अभ्यासही तिचाच. मी फक्त सोबतीला. पण विकणाऱ्या गृहस्थांनी चावी सरळ माझ्या हातात ठेवली. "दादा, चालवून बघा, एक नंबर गाडी आहे. ताई बसतील मागे." ताईनं शांतपणे माझ्या हातातून चावी घेतली, पण आत बसली नाही. आधी बॉनेटवर हात ठेवला.

"काका, आज गाडी सुरू केली होती का?"

"हो, तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली."

"मग आम्ही उद्या सकाळी येतो. तोपर्यंत सुरू करू नका, प्लीज."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गार इंजिन सुरू झालं, आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत बाहेर आला. मिनिटभरात तो विरला. आदल्या दिवशी तो आम्हाला दिसलाच नसता. निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय. टर्बो गाडीत हा दोष टर्बोचाही असू शकतो, आणि मग काम स्वस्तात होत नाही. काका म्हणाले, "मॅडम, सकाळी सगळ्याच गाड्या सोडतात थोडा धूर." ताईनं हसून आभार मानले आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

तेव्हा पहिला नियम: इंजिन गार असतानाच गाडी बघा. आणि दुसरा: गाडी जो घेणार आहे, त्यानंच (किंवा तिनंच) चालवायची.

चावी फिरवण्याआधी

गाडी दिवसाउजेडी बघा, पावसात किंवा नुकती धुतलेली नको. ओल्या रंगावर सगळंच चकचकीत दिसतं. दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का? बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर ते कधीतरी उघडलेत. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खोबणीत पाहा. मागून धडक बसलेली गाडी तिथे सुरकुत्या दाखवते.

टायरवर चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, किंवा एकच कड जास्त झिजली असेल, तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये काहीतरी गडबड आहे.

आपल्याकडे आणखी एक भीती असते, ती पुराची. कुठे मोठा पूर येऊन गेला की काही महिन्यांनी तिथल्या गाड्या दुसऱ्या शहरात स्वस्तात दिसू लागतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीचा डाग राहतो. सीटखालच्या रुळांवर गंज, हेडलाइटमध्ये वाफ, एसी लावल्यावर कुबट वास, यातलं काहीही दिसलं तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून निघा.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शर्यत नव्हे

निघण्याआधी गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे का ते बघा. लायसन्स खिशात हवं. गाडीमालक शेजारी बसू दे, म्युझिक बंद. पाच मिनिटांचा एक राउंड पुरत नाही, निदान अर्धा तास मागून घ्या.

सुरुवात गर्दीतून करा. पुण्यात असाल तर पेठांतले स्पीडब्रेकर त्यासाठीच बनलेत असं समजा. काच खाली करून हळू जा. खडखड, टकटक ऐकू आली तर सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक गेलेत. ऑटोमॅटिक असेल तर ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून गाडी नुसती सरकू द्या. ती थरथरत, धक्के देत पुढे गेली तर क्लच पॅकची किंमत आधी विचारून घ्या. हे गाडी गरम झाल्यावर जास्त जाणवतं, म्हणूनच अर्धा तास.

मॅन्युअलमध्ये क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळा रस्ता बघून वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मग चढ शोधा, हँडब्रेक तिथे कळतो. त्यानंतर बायपाससारख्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, मागे कोणी नाही याची खात्री करून एकदा नेटानं ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेक डिस्क गेल्यात, गाडी एका बाजूला ओढली तर आणखी चौकशी हवी. टर्बोचा जोर एकसारखा यायला हवा. जोर येता येता तुटत असेल किंवा शिट्टी विचित्र वाटत असेल तर लक्षात ठेवा.

"अरे, दाब ना जरा, मजा बघ!" असं शेजारून ऐकू येईल. दाबू नका. गाडी किती पळते हे तुम्हाला आधीच माहीत आहे, ती कशी थांबते हे तुम्हाला बघायचंय. वेगाची हौस असेल तर त्यासाठी कोइमतूरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहेत, बायपास नाही.

परत आल्यावर गाडी दोन मिनिटं चालू ठेवून खाली वाकून बघा, ऑइल ठिबकतंय का. आणि पसंत पडलीच, तर विश्वासातल्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. डॅशबोर्डवर एकही दिवा नसणं म्हणजे सगळं ठीक असणं नाही. आदल्याच दिवशी फॉल्ट कोड पुसले असतील, तर अनुभवी मेकॅनिकला स्कॅनरवर तेही कळतं. मालक तपासणीला 'नाही' म्हणाला, तर तुम्हीही गाडीला 'नाही' म्हणा.

कागद नाही, तर गाडी नाही

आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का? चॅसिस आणि इंजिन नंबर जुळतात का? आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. ट्रान्स्फरसाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरा, मग दिल्लीची 'स्वस्त' गाडी किती स्वस्त पडते ते कळेल. थकलेले ई-चलान नंबर टाकून तपासा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा.

विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. आणि 'ट्रान्स्फर नंतर करू, भाऊ' याला कधीच हो म्हणू नका. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2018 मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे हे काम लवकर व्हावं यात विकणाऱ्याचाही फायदा आहे, त्याला तसं समजावून सांगा.

मॉडिफिकेशनचंही कागदाशी नातं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर तुम्ही बसवला नसला, तरी नाक्यावर दंड तुमच्याकडूनच घेतला जाईल. विमा कंपनीला न कळवलेले बदल क्लेमच्या वेळी नडतात. मूळ पार्ट जपून ठेवलेत का, ते विचारा आणि व्यवहारातच मागून घ्या.

शेवटचा हिशोब

'टोकन द्या, दुपारी दुसरी पार्टी येतेय' हे वाक्य ऐकलं की एक रात्र मध्ये जाऊ द्या. दुसरी पार्टी असेलच तर असू दे, लाल गाड्या आणखी येतात. बजेट पाच लाख असेल तर गाडी सव्वाचारची बघा. टायर, बॅटरी, मोठी सर्व्हिस, विमा आणि ट्रान्स्फर यात उरलेले कधी गेले ते कळतही नाही.

आणि सगळं जुळून आलं, आरसीवर तुमचं नाव लागलं, की पहिल्या दिवशी मित्रांच्या आधी बाबांना घेऊन जा. पुढच्या सीटवर बसवा, सावकाश चालवा. 'शहाण्या माणसाची गाडी' हा विषय त्यानंतर घरात निघणार नाही. निघालाच, तर सर्व्हिसच्या बिलांची फाइल त्यांच्या हातात द्या.