कृतज्ञतेचा रतीब

1972 च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा, म्हणजेच पॅरालिंपिक, भरली. त्याच उन्हाळ्यात म्यूनिकला ऑलिंपिक होते. पण तिथल्या क्रीडाग्रामाच्या इमारती स्पर्धा संपताच राहत्या घरांसाठी द्यायच्या ठरल्या होत्या, म्हणून चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंसाठी हायडेलबर्गच्या विद्यापीठाने आपली मैदाने आणि तलाव खुले केले. तिथे 50 मीटर मुक्तशैली पोहण्याच्या शर्यतीत सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 37.33 सेकंदांत पहिले आले. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, भारतीयाने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पेटकर लष्कराच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या ईएमई दलातले जवान आणि मूळचे मुष्टियोद्धे. 1965 च्या भारत-पाक युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. पुढे रुग्णालयात त्यांना पाण्यात उतरवले ते उपचाराचा भाग म्हणून. पदकापर्यंत नेणारी वाट तिथे सुरू झाली. देशाने पद्मश्री दिली 2018 साली आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला जानेवारी 2025 मध्ये. या दिरंगाईबद्दल हळहळ वाटते आणि ती रास्तच आहे. मात्र 1965 ते 1972 या सात वर्षांत पेटकरांना जिवंत आणि निरोगी कोणी ठेवले, कसे ठेवले, हा प्रश्न मला पुरस्काराहून मोठा वाटतो. कारण सैनिकाच्या त्यागाबद्दलची कृतज्ञता खरी की तोंडदेखली, हे त्याच्या रोजच्या तब्येतीवरून कळते.

कणा मोडलेल्या माणसाचे नेमके काय होते, ते आधी पाहू. त्याला मारते ती बहुधा गोळी नव्हे. कमरेखाली संवेदना नसल्याने एकाच अंगावर पडून राहिले तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस कूस बदलत नाही, हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम चिघळते. दुसरीकडे लघवी तुंबते, मूत्रपिंडात जंतुसंसर्ग होतो. पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक याच दोन कारणांनी गेले. डॉक्टरही त्यांची आशा सोडून देत. लुडविग गुटमान या जर्मन ज्यू तरुणाने 1917 साली वरच्या सायलेशियातल्या क्योनिग्सह्युटे इथल्या रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करताना असाच एक खाणकामगार पाहिला. याच्यावर फार कागद खर्ची घालू नका, हा काही आठवड्यांचाच सोबती, असे वरिष्ठांनी सांगितले आणि झालेही तसेच. पुढे गुटमान ब्रेस्लाउ शहरात नामांकित मेंदू-मज्जातज्ज्ञ झाले. नाझी राजवटीत 1939 साली त्यांना कुटुंबासह इंग्लंड गाठावे लागले. तिथे फेब्रुवारी 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी कणा-विभाग सुरू झाला आणि तो गुटमान यांच्या हाती आला.

त्यांनी केले ते दिसायला अगदी साधे होते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. ते स्वतः मध्यरात्री वॉर्डात फेरी मारून हे होते की नाही ते पाहत. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे करायचे, भरपूर पाणी प्यायचे, दंड आणि खांदे बळकट करायचे. माणूस खुर्चीत बसू लागला की थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड क्षणभर उचलायचे. रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरून पाठ, माकडहाड, टाचा तपासायच्या. पँटच्या मागच्या खिशातले बटण किंवा जाड शिवणही रुतते, म्हणून कपडे जपून निवडायचे. आंघोळीचे पाणी आधी हाताने पाहायचे, कारण पायांना चटका कळत नाही. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, गुटमान यांनी रुग्णालयाच्या आवारात तिरंदाजीची स्पर्धा भरवली. सोळा जण उतरले. त्यातूनच वाढत गेलेली स्पर्धा 1972 साली हायडेलबर्गला आली. ज्या देशाने जीव मुठीत धरून पळायला लावले, तिथे गुटमान या स्पर्धांचे प्रमुख म्हणून आले आणि राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्ह हाइनमान यांनी उद्घाटन केले.

हे यश खरे तर पेनिसिलिनचे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. जंतुनाशक औषधे त्याच काळात हाताशी आली नसती तर नुसत्या कूस बदलण्याने सगळे वाचले नसते. पण औषध चिघळलेली जखम आटोक्यात आणते. दाब तसाच राहिला तर त्याच जागी नवी जखम होते. औषधाची गरज काही दिवसांची, दिनचर्येची मात्र मरेपर्यंतची. दुधाचा रतीब सणावारी घालून आणि एरवी बंद ठेवून चालत नाही, तसेच या काळजीचे आहे.

जर्मनीचा इतिहास या बाबतीत आरशासारखा लख्ख आहे, आणि त्यात पाहताना मान खाली जाते. पहिल्या महायुद्धातून सुमारे 27 लाख जर्मन सैनिक कायमचे अधू होऊन परतले. त्यांच्यात असे हजारो होते ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता, पण तोफांच्या माऱ्याने शरीर थरथरत राही, बोबडी वळे, चालता येत नसे. त्यांच्यावर विजेचे तीव्र झटके देण्याचे उपचार झाले. हेतू हा की त्रास नको म्हणून तरी माणूस कामावर किंवा आघाडीवर परतेल. 1926 साली सरकारी विमा यंत्रणेने अशा मानसिक दुखण्यासाठी भरपाईचा हक्कच नाकारला. नाझी सत्तेवर आले तेव्हा त्यांनी युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला 1934 पासून वीरस्मरणदिनाचे रूप दिले. संचलने झाली, झेंडे फडकले. आणि त्याच राजवटीने 1939 नंतर मनोरुग्णालयांतल्या माणसांना विषारी वायूने मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा मारल्या गेलेल्यांत पहिल्या महायुद्धात मन मोडून आलेले माजी सैनिकही होते. सैनिकाचा एवढा गाजावाजा करणारी राजवट विरळाच, आणि आपल्याच जखमी सैनिकाला असा मृत्यू देणारीही विरळाच. मानवंदनेचा आवाज किती मोठा आहे, यावरून कृतज्ञता मोजू नये, याला याहून सबळ पुरावा मला माहीत नाही.

याच देशातला दुसरा धागा मात्र टिकला आणि पसरला. युद्धात दृष्टी गेलेल्यांसाठी ओल्डेनबुर्ग इथे 1916 साली वाटाड्या कुत्र्यांना शिकवणारी शाळा निघाली, आणि तिथली कल्पना पुढे जगभरातल्या अंधांच्या उपयोगी पडली. 1920 च्या सुमारास कायदा झाला की मालकांनी ठरावीक प्रमाणात युद्धजखमींना नोकरीवर ठेवलेच पाहिजे. त्यात कामावरच्या अपघातात जायबंदी झालेले आले, आणि 1974 साली कारण कोणतेही असो, गंभीर अपंगत्व असलेली प्रत्येक व्यक्ती आली. आज वीस किंवा अधिक कामगार असलेल्या जर्मन आस्थापनेला पाच टक्के जागा अशा लोकांना द्याव्या लागतात, नाहीतर न भरलेल्या जागांमागे भरणा करावा लागतो. व्यायामाचेही तसेच झाले. दुसऱ्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेले लोक गावोगावी एकत्र येऊन पोहू लागले, बसून चेंडूचे खेळ खेळू लागले. 1951 साली त्यांची देशव्यापी संघटना झाली. तीच आजची जर्मन अपंग क्रीडा महासंघटना. आज जर्मनीत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजीबाईला किंवा कंबरदुखीने हैराण झालेल्या चालकाला डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि आरोग्य विम्याच्या खर्चाने ते जवळच्या मंडळात गटाने व्यायाम करतात. साधारणपणे 18 महिन्यांत 50 वेळा, हृदयविकाराच्या रुग्णांसाठी 24 महिन्यांत 90 वेळा. मंडळाच्या हॉलमध्ये गाद्या, रबरी पट्ट्या, खुर्च्या आणि प्रशिक्षक एवढेच असते. पाय गमावलेल्या सैनिकांसाठी उभी राहिलेली सोय अशी कोणाच्याही आजोबांची झाली.

इथे सर्वांत अवघड आक्षेप येतो. हिटलरच्या सैन्यातल्या माणसाविषयी कृतज्ञता कसली? मला वाटते, हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे आहे. त्या युद्धाबद्दल कोणी कृतज्ञ असण्याचे कारण नाही. 1950 च्या कायद्याने पश्चिम जर्मनीने युद्धजखमींना निवृत्तिवेतन आणि उपचार दिले ते गौरव म्हणून नव्हे. जखमी, विधवा आणि अनाथ यांचा तो हक्क मानला गेला. तरीही त्यात मोठी खोट राहिली. माणुसकीविरुद्ध गुन्हे केलेल्यांनाही पैसे मिळत राहिले, आणि त्यांचा हक्क काढून घेण्याची तरतूद व्हायला 1998 साल उजाडले. एवढा उशीर क्षम्य नाही. पण यातून निघणारा धडा माझ्या मुद्द्याला धरूनच आहे: शुश्रूषा आणि सन्मान वेगळे ठेवता येतात, ठेवावेत. सन्मान कर्तृत्व पाहून द्यावा. तुटलेल्या पायाला मलमपट्टी मात्र कर्तृत्व पाहून करत नाहीत. ज्या देशाच्या सैनिकाने योग्य कारणासाठी पाय गमावला, त्या देशाने तर दोन्ही द्यायला हवे. आपण बऱ्याचदा सन्मानावरच थांबतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. राज्यसंस्था लोकांच्या तब्येतीत फार लक्ष घालू लागली की धोक्याची घंटा वाजते, आणि जर्मनीनेच ती वाजवली. निरोगी असणे हे तुझे कर्तव्य आहे, असे नाझींनी तरुणांना बजावले, कारण त्यांना सुदृढ शरीरे रणांगणावर हवी होती. तेव्हा आरोग्याचा सल्ला कोणाच्या भल्यासाठी दिला जातो, हे पाहणे भागच आहे. गुटमान यांच्या वॉर्डातला जवान पुन्हा कधीही बंदूक धरणार नव्हता. त्याच्या कातडीची काळजी राष्ट्राच्या कोणत्याच कामी येणारी नव्हती. तिथे सल्ल्यामागे त्या माणसाचे आयुष्य सोडून दुसरा हेतू उरत नाही, म्हणून तो सल्ला विश्वासाचा.

आणि तो आपल्याही कामाचा आहे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेला माणूस आणि कणा दुखावलेला सैनिक यांच्यापुढचे संकट एकाच जातीचे आहे: इजा होते आणि कळत नाही. मधुमेही माणसाने रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि टाचा पाहाव्यात, दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, चप्पल घालण्याआधी आत खडा नाही ना हे हाताने चाचपावे, अनवाणी फिरू नये, पाय शेकण्यासाठी गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नयेत. घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील तर दर दोन तासांनी कूस बदलावी, माकडहाड आणि टाचा तपासाव्यात, तिथे लाली दिसली आणि दाब काढूनही गेली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. लाल जागा चोळू नये. दिवसभर खुर्चीत काम करणाऱ्याने अधूनमधून उठावे. यातला एकही सल्ला महाग नाही. त्याची किंमत आधीच कोणीतरी मोजली आहे.

सगळेच काही पेटकर होत नाहीत, असेही म्हटले जाते, आणि जखमी सैनिकाकडून पराक्रमाची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर नवा बोजा ठरतो. हे मला पटते. म्हणूनच पदके नसलेला तो जर्मन व्यायामगटाचा हॉल मला महत्त्वाचा वाटतो. 2023 च्या सप्टेंबरमध्ये ड्युसेलडॉर्फला जखमी सैनिकांच्या इन्व्हिक्टस स्पर्धा झाल्या आणि 15 जून 2025 रोजी जर्मनीने पहिला माजी सैनिक दिन पाळला. पण मोहिमेवर जायबंदी झालेल्या सैनिकाला नोकरीत कायम राहता यावे यासाठी 2007 सालीच तिथे कायदा झाला होता. स्पर्धा आणि दिन नंतर आले, व्यवस्था आधी होती. हा क्रम मला योग्य वाटतो.

महाराष्ट्राला हे परके नाही. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी जवानांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 साली निघालेले क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल खडकीला आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 चे, आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून कणा दुखावलेल्या जवानांना सांभाळते आहे. ध्वजदिनाला, 7 डिसेंबरला, आपण निधीही देतो. उणीव आहे ती पुण्याबाहेरच्या वर्षभराची. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे घरटी फौजी असल्याचे अभिमानाने सांगितले जाते, तिथल्या साठीतल्या हवालदाराला अधू गुडघा किंवा कृत्रिम पाय घेऊन नियमित व्यायाम करायचा असेल तर जायचे कुठे? माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून औषध आणि शस्त्रक्रिया मिळते, पण आठवड्यातून दोनदा जमणारा, शिकलेल्या माणसाने घेतलेला व्यायामाचा गट मिळत नाही. अशी गावे तालमींना पारखी नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने फिजिओथेरपिस्टचा प्रवासखर्च आणि मानधन उचलले, ग्रामपंचायतीने सकाळचे दोन तास तालीम किंवा शाळेचा हॉल दिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी कोणी कोणता व्यायाम करू नये ते चिठ्ठीवर लिहून दिले, की गट सुरू करता येतो. त्यात हवालदारासोबत गावातल्या मधुमेही काकू आणि लकव्यातून सावरणारा शेतकरीही बसावा, कारण जर्मनीतली सोय टिकली ती सगळ्यांची झाल्यामुळेच.