लग्नांतील अल्पोपाहार आणि मागें उरणारा केर

लग्नाच्या संध्याकाळच्या समारंभाला जुन्या पिढींत ‘पानसुपारी’ असें म्हणत. दाराशीं गुलाबपाण्याचे चार थेंब, मनगटाला अत्तर, हातांत विडा, फार तर एखादा पेढा आणि मसाल्याचें दूध, एवढ्यावर पाहुणा संतुष्ट होई आणि वधूवरांना आशीर्वाद देऊन घरीं जाई. पुढें पानसुपारीचें चहापान झालें, चहापानाचा अल्पोपाहार झाला, आणि हल्लीं तो अल्पोपाहार कित्येक ठिकाणीं नांवापुरताच ‘अल्प’ राहिला आहे. समारंभ वाढला तसा त्याच्या मागें उरणारा केरही वाढला. कार्यालयाचे दिवे मालविल्यावर जो मागील दारीं जाऊन पाहील त्याला अर्धवट खाल्लेल्या ताटल्यांची रास, दोन घोट घेऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि सकाळीं ताजीं असलेलीं फुलें, हीं सर्व एकाच ढिगांत पडलेलीं दिसतील.

या नासाडीचें मूळ यजमानाच्या उधळपट्टींत आहे असें सहज म्हटलें जातें. परंतु तें बहुधा त्याच्या भीतींत असतें. ‘त्यांच्याकडे अन्न कमी पडलें’ हा शेरा एखाद्या घराण्याला वीस वर्षें चिकटून राहतो. अन्न वाया गेलें म्हणून कोणीं नांवें ठेवल्याचें मात्र सहसा ऐकूं येत नाहीं. त्यांतून मराठी लग्नपत्रिकेची भाषाच अशी कीं, यजमानाला पाहुणे मोजतां येऊं नयेत. ‘सहकुटुंब सहपरिवार’ या दोन शब्दांवरून एका घरांतून दोन माणसें येतील कीं सात, याचा पत्ता लागत नाहीं. मग तीनशेंची अपेक्षा असतां पांचशेंची तयारी होते, आचारी आपल्या बाजूनें त्यांत आणखी भर घालतो, आणि या भीतीची किंमत पुष्कळदां वधूपित्याच्या कर्जांत जमा होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत घरें, उपाहारगृहें आणि दुकानें मिळून सुमारें १०५ कोटी टन अन्न वाया गेलें. ग्राहकांसाठीं उपलब्ध असलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पांचवा हिस्सा होय. त्या डोंगरांत लग्नघराचीही एक टोपली असते.

म्हणून पहिला उपाय स्वयंपाकघरांतला नसून यादींतला आहे. समारंभाच्या दहा-बारा दिवस आधीं दोन्ही घरांतील एकेका जाणत्या माणसानें यादी हातीं घेऊन प्रत्येक घरीं दूरध्वनी करावा. ‘किती जण येणार?’ हा प्रश्न कोरडेपणाचा वाटतो खरा. पण ‘आपलीं किती पानें मांडावयाचीं?’ असें विचारलें कीं, त्याच प्रश्नांत अगत्य येतें. 

माणसें मोजलीं कीं पदार्थ ठरविणें सोपें जातें. सायंकाळीं पांच ते सात या वेळेंत येणारा पाहुणा दुपारचें जेवून आलेला असतो आणि रात्रीं घरीं थोडें तरी खाणार असतो. त्याला एक गरम पदार्थ, एक कोरडा, एक गोड आणि एक पेय, एवढें भरपूर होतें. तीनशें माणसांसाठीं माणशीं दोन बटाटेवडे धरले तर सहाशें वडे होतात. वड्यास पन्नास ग्रॅम या हिशेबानें तीस किलो बटाटे पुरतात. चिवडा माणशीं चाळीस ग्रॅम धरला तर बारा किलो, नारळाची वडी माणशीं एक, तीस ग्रॅमची, म्हणजे नऊ किलो, आणि पन्हें माणशीं दोनशें मिलिलिटर, म्हणजे साठ लिटर. अंदाज चुकेल या धास्तीनें वाढवावयाचेंच असेल तर तें कोरड्या पदार्थांत वाढवावें : चिवडा तेरा किलो आणि वडी दहा किलो करावी. हे पदार्थ उरले तरी घट्ट झांकणाच्या डब्यांत राहतात आणि शेजारीं वाटतां येतात. वड्यांचें तसें नाहीं. त्यांचे घाणे पाहुणे येतील तसतसे काढावेत आणि पहिल्या अर्ध्या तासांत दाराशीं आलेलीं माणसें मोजून मगच शेवटच्या घाण्यांचे बटाटे उकडावयास ठेवावेत. न उकडलेला बटाटा वाया जात नाहीं.

पदार्थ ऋतूला धरून असावेत. चैत्र-वैशाखांतील लग्नाला कैरीचें पन्हें, आंबेडाळ किंवा कोकमाचें सरबत; मार्गशीर्ष-पौषांत मटारची करंजी, ओल्या हरभऱ्याची उसळ आणि आटवलेलें मसालेदूध. जें त्या महिन्यांत जवळच्या बाजारांत पिकून येतें तें स्वस्त असतें, चवीला उत्तम असतें, आणि त्याला दूरची वाहतूक वा शीतपेटी लागत नाहीं. उन्हाळ्यांत ओल्या नारळाची चटणी दोन-तीन तासांत आंबूं लागते. तिच्याऐवजीं शेंगदाण्याची कोरडी चटणी ठेवणें शहाणपणाचें.

वाढावयाचें कशांत, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रांत २०१८ सालीं आणि साऱ्या देशांत १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आली. देशव्यापी बंदींत मिठाईच्या डब्यांवरील व निमंत्रणपत्रिकांवरील पातळ वेष्टन आणि सजावटीचा थर्मोकोल यांचाही समावेश झाला. कागदी पेला मात्र अनेकांना निर्दोष वाटतो. त्याच्या आंतल्या अंगाला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो नसता तर पेला चहानें भिजून गळला असता. त्या थरामुळें कागद नीट कुजत नाहीं. खरी सोय जुन्या वस्तूंतच सांपडते : पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, केळीचें पान, कोंकण-गोव्याकडील पोफळीच्या विरीच्या ताटल्या. कार्यालयांत स्टीलचीं भांडीं असतील आणि धुण्यास पुरेसें पाणी असेल तर तीं सर्वांत बरीं, कारण तीं पुन्हां पुन्हां वापरतां येतात; पाण्याची टंचाई असलेल्या गांवीं पत्रावळ बरी. पाण्यासाठीं बाटल्यांऐवजीं माठ किंवा पिंप, स्टीलचे पेले आणि वाढावयास दोन हंसतमुख मुलें ठेवलीं तर पाहुण्याला लागेल तेवढेंच पाणी पेल्यांत पडतें.

इतकी काळजी घेऊनही कांहीं उरलें तर तें ‘गरिबांना देऊं’ असें म्हणून रात्रीं उशिरां पाठविण्याची रीत आहे. हेतु चांगला असला तरी येथें सावध असलें पाहिजे. शिजविलेलें अन्न साधारण हवेंत दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि गरम ठेवावयाचें तर साठ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मधल्या कोमट अवस्थेंत जंतु झपाट्यानें वाढतात. जें आपल्या मुलाला रात्रीं अकराला द्यावयास मन कचरतें तें दुसऱ्याच्या मुलाला देणें हें दान नव्हे. म्हणून उरलेलें अन्न घेऊन जाणाऱ्या एखाद्या संस्थेशीं आधींच बोलून ठेवावें आणि पंगतींत न गेलेलें, झांकलेलें अन्न वेळेवर तिच्या स्वाधीन करावें.

अक्षतांचाही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. तीनशें माणसांच्या हातीं वीस-वीस ग्रॅम तांदूळ दिले तर सहा किलो होतात. शंभर ग्रॅमच्या हिशेबानें तें साठ माणसांच्या एका वेळच्या भाताचे तांदूळ होत. ते पायांखालीं जातात. विधीसाठीं चिमूटभर अक्षता ठेवून बाकीच्यांच्या हातीं फुलांच्या पाकळ्या दिल्या तर मंगलाष्टकांना कांहीं उणें येत नाहीं. सजावटीला आंब्याचीं तोरणें, केळीचे खांब, झेंडू आणि मोगरा पुरे. फुलें खोवावयाचा तो हिरवा मऊ ठोकळा टाळावा, कारण तोही प्लॅस्टिकचाच प्रकार असून कुजत नाहीं. समारंभानंतर फुलें, पत्रावळी आणि उष्टें एका पिंपांत, कोरडा केर दुसऱ्यांत, अशी वांटणी त्याच रात्रीं केली तर ओल्या केराचें खत होतें. तो एकत्र कालवून कचराभूमीवर पुरला गेला तर हवेवांचून सडून त्यांतून मिथेन वायु निघतो. केर निवडणाऱ्या कामगाराचे हात त्या कालवलेल्या ढिगांत घालावे लागतात, हेंही विसरूं नये.

साधेपणा हा महाराष्ट्राला परका विचार नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजानें कमी खर्चाच्या विवाहाची रीत घालून दिली, ती माणसाला कर्जांतून आणि लाचारींतून सोडविण्यासाठीं. आज त्या विचाराला जमीन, पाणी आणि हवा यांची जोड मिळाली आहे, एवढेंच. पाहुण्याच्या मनांत घर करतें तें यजमानानें दाराशीं येऊन केलेलें स्वागत आणि हातांत दिलेला गरम वडा. पदार्थांची संख्या तो दुसऱ्या दिवशीं विसरतो. ज्या घरीं सर्वांना पोटभर मिळालें आणि सकाळीं झाडणाऱ्याला पत्रावळींखेरीज फारसें कांहीं उचलावें लागलें नाहीं, त्या घरचें कार्य खऱ्या अर्थानें नीट पार पडलें असें म्हणावें.