उदासीचा व्याजदर

पगाराच्या दिवशी मोठ्या उत्साहाने आरडीचा आकडा ठरवणारा माणूस आणि पुढे एखाद्या मलूल संध्याकाळी नको असलेली वस्तू मोबाइलवरून मागवणारा माणूस, हे दोघे एकच असतात. पहिल्याला आपण शहाणा म्हणतो, दुसऱ्याला मनाचा कच्चा म्हणून मोकळे होतो. मानसशास्त्रज्ञांनी मात्र या दुसऱ्या माणसाकडे नीट पाहिलं, आणि जे दिसलं ते थक्क करणारं आहे. उदासीत माणसाच्या डोक्यातलं पैशाचं गणितच बदलतं, आणि किती बदलतं ते चक्क टक्क्यांत मोजता येतं.

जेनिफर लर्नर, ये ली आणि एल्के वेबर यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. काही जणांना त्यांनी शोकांत चित्रफीत दाखवली, काहींना किळस येईल अशी, तर काहींना मनावर ओरखडाही न उमटवणारी. मग पर्याय ठेवले: आज थोडे पैसे घेता, की तीन महिने थांबून जास्त? उदास झालेल्यांनी तीन महिन्यांची वाट टाळण्यासाठी शांत गटापेक्षा १३ ते ३४ टक्के कमी रक्कम चालवून घेतली. म्हणजे शांत मनाचा माणूस जिथे आज शंभर रुपये मिळाले तरच तयार होईल, तिथे उदास माणूस ८७ रुपयांना, कधी ६६ रुपयांनाही 'द्या' म्हणतो. पडद्यावरच्या परक्या दुःखाने, तेही काही मिनिटांत, एवढा फरक पडला! अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर मनातला व्याजदर भडकला. आणि गंमत अशी, की किळस आलेल्या गटात असं काही आढळलं नाही. वाईट वाटण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात. हा उतावळेपणा उदासीचा.

त्याआधी २००८ साली सिंथिया क्रायडर आणि सहकाऱ्यांनी असाच एक प्रयोग केला होता. त्यात उदास मंडळींनी पाण्याच्या साध्या बाटलीसाठी इतरांच्या जवळपास चौपट किंमत देऊ केली. चित्रफितीचा आपल्या निर्णयाशी काही संबंध असेल, हे त्यांना मान्यच नव्हतं. हा परिणाम स्वतःविषयीच्या विचारांत गुंतलेल्यांमध्ये ठळक दिसला.

असं का व्हावं? उदासीत बहुधा काहीतरी हातचं गेल्याची आणि आपल्या हाती काही उरलं नसल्याची भावना असते. खरेदीत निवडणारे आपण असतो. २०१४ साली स्कॉट रिक यांच्या गटाने दाखवलं, की खरेदीचा निर्णय घेतल्याने रेंगाळलेली उदासी खरोखरच थोडी ओसरते, कारण परिस्थितीवर आपला ताबा असल्याची जाणीव परत येते. म्हणजे 'काहीतरी घेतलं की बरं वाटतं' यात तथ्य आहे. मन आपल्यापरीने उपचारच शोधत असतं. तो महाग पडतो एवढंच.

दुसरं कारण मेंदूत खोलवर आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी सुरुवातीला फळांचा रस मिळाल्यावर चेतत. पण रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की त्याच पेशी रसाची वाट न पाहता दिवा दिसताच चेतू लागल्या. मिळाल्याच्या आनंदाइतकंच मिळणार असल्याच्या चाहुलीलाही मेंदूत स्थान आहे. नैराश्यात ही ओढच मंदावते. कष्ट डोंगराएवढे वाटतात, फळ फिकं. बचतीत तर फळ काही वर्षं लांब आणि कष्ट आजचे. तेव्हा खचलेल्या माणसाला 'जरा मनावर घे' असं सांगणं म्हणजे त्याच्याकडे जे संपलंय तेच मागणं होय.

या अडचणीवरचा एक तोडगा हे शास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी सापडला होता. १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस दारात येणार, अगदी दोन आणेही घेणार, नोंद करून पुढच्या दारात जाणार. आजही महाराष्ट्रातल्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरतात, ते याच कल्पनेच्या वाटेने. ग्राहकाला बँकेत जावं लागत नाही, फॉर्म भरावा लागत नाही, रोज नव्याने ठरवावंही लागत नाही. ज्या कामाला उत्साह लागतो तेवढं काम त्याच्याकडून काढून एजंटाच्या पायांवर सोपवलेलं असतं. भिशीची रीत वेगळी. तिथे 'या महिन्यात मन लागत नव्हतं' ही सबब चालत नाही, कारण बाकीचे सभासद पैशांची वाट पाहत असतात. बचत गटाच्या बैठकीचा धाकही असाच मायेचा.

अर्थतज्ज्ञांनी पुढे असे तोडगे तपासून पाहिले. फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर एका बँकेने काही खातेदारांना विचित्र खातं देऊ केलं: व्याज जास्त नाही, उलट स्वतःच ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढायला बंदी. असं खातं कोण घेईल? २८ टक्के लोकांनी घेतलं. ज्या गटाला ते देऊ केलं होतं त्याची सरासरी शिल्लक वर्षभरात तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्के बिंदूंनी जास्त वाढली. २००६ सालचा हा अभ्यास. २०११ साली अमर चीमा आणि दिलीप सोमण यांनी भारतातल्या ग्रामीण मजुरांसोबत आणखी साधी गोष्ट केली. बचतीचे पैसे बंद पाकिटात ठेवले आणि पाकिटावर त्यांच्या मुलांचा फोटो लावला. बचत वाढली. तीच रक्कम दोन पाकिटांत विभागली, तेव्हाही जास्त टिकली, कारण प्रत्येक पाकीट फोडताना हात थबकतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांची युक्ती आणखी मुरब्बी: आज काही कापायचं नाही, पुढची पगारवाढ झाली की तिच्यातून कापायचं, असं आजच कबूल करून ठेवायचं. अमेरिकेतल्या एका कंपनीत अशा कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

या सगळ्यांत एक सूत्र आहे: निर्णय बऱ्या दिवशी घ्यायचा आणि वाईट दिवसाला त्यात बोट घालू द्यायचं नाही. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. मन स्थिर असेल त्या दिवशी आरडी किंवा एसआयपीची तारीख पगाराच्या दुसऱ्याच दिवसाची ठेवा. रक्कम वाईट महिन्यातही झेपेल इतकी लहान ठेवा. बचतीच्या खात्याला यूपीआय जोडू नका. मौजेचे पैसे वेगळे काढा आणि ते विनासंकोच उडवा. कठीण काळात हप्ता निम्मा करावा लागला तर करा. चुकलेल्या महिन्याबद्दल स्वतःला बोल लावत बसलं तर उदासीलाच खतपाणी मिळतं, आणि तिथूनच पुढची खरेदी उगवते.

पैशांची व्यवस्था अशी लागली, तरी मनाचं काय? इथे गोष्ट गोव्यात येते. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक छोटा उपचार राबवला. तो देणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. उपचाराचा गाभा असा: बरं वाटलं की कामाला लागू, असं म्हणत थांबायचं नाही. अर्थ वाटेल असं छोटं काम ठरवून करायचं, मन मागून येतं. सहा ते आठ भेटींचा हा उपचार. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. त्या अर्थाने पिग्मीचे वीस रुपये देणं हेही एक छोटं, पार पडलेलं कामच. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

सगळ्यात मोठं नवल शेवटी. या आणि अशाच दुसऱ्या एका चाचणीतल्या माणसांना संशोधक चार-पाच वर्षांनी पुन्हा भेटले. उपचार घेतलेल्यांमध्ये नैराश्य तेव्हाही कमी होतंच. शिवाय आपण अधिक धीर धरू शकतो, असंही ते स्वतःविषयी सांगत होते. धीर हा जन्मजात गुण आहे असं आपण धरून चालतो, पण मन बरं झालं की तोही वाढू शकतो. म्हणून घरखर्चाच्या वहीत मनाच्या उपचाराचा खर्च मांडताना तो खुशाल बचतीच्या रकान्यात मांडावा.