इंद्रधनुष्याला आठ फ्रेमा

नारायण पेठेतला जुना वाडा. तळमजल्यावर श्रावणातली ओल भिंतींतून कंबरेपर्यंत चढली आहे. मागच्या खोलीत पिवळ्या दिव्याखाली काका छपाईच्या एका लाकडी फ्रेमवर हेअर ड्रायर फिरवताहेत. फ्रेमवर ताणलेल्या बारीक पॉलिस्टर जाळीला इमल्शन लावलंय. ते पांढऱ्या उजेडात बिघडतं, म्हणून हा पिवळा दिवा. आणि पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, म्हणून हा ड्रायर.

बाहेरच्या टेबलाशी पतसंस्थेची मंडळी बसली आहेत. चेअरमनसाहेब, मॅनेजर आणि एक संचालिका, ज्यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि सभा म्हटली की सभासदांना भेटवस्तू आली. ताळेबंदावर चकार शब्द न काढणारे सभासद भेटीवर मात्र सविस्तर बोलतात, हे तिघांनाही पक्कं ठाऊक असावं, कारण चेहरे परीक्षेला आल्यासारखे आहेत.

टेबलावर नमुने मांडलेत: मांजरपाटाची पिशवी, स्टीलची काळी बाटली, बॉलपेन, चहाचा मग. सगळ्यांवर बोधचिन्ह हवंय. बोधचिन्ह म्हणजे सात पट्ट्यांचं इंद्रधनुष्य, खाली हातात हात, दोन बाजूंना गव्हाच्या लोंब्या, कमानीत संस्थेचं पूर्ण नाव आणि त्याखाली नोंदणी क्रमांक.

‘‘फाईल आणलीय?’’ कॉम्प्युटरवर बसलेली काकांची मुलगी विचारते.

‘‘व्हॉट्सअॅपवर पाठवली ना तुम्हाला.’’

‘‘तो फोटो आहे. मोठा केला की फाटतो. सीडीआर हवी.’’

मॅनेजर खिशातून पेन ड्राइव्ह काढतात. कोरलड्रॉमध्ये फाईल उघडते खरी, पण नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची गर्दी उमटते. कुणीतरी फार वर्षांपूर्वी श्रीलिपीत टाईप केलेलं आहे, तो फॉन्ट या मशीनवर नाही आणि अक्षरं कर्व्ह करून ठेवलेली नाहीत. ती काही न बोलता नाव नव्याने टाईप करायला घेते. कमान वळवते. पिशवीवर बोधचिन्ह तळहाताएवढं घेतलं तर नावाचं अक्षर तीन मिलिमीटरचं होतंय. ती पडद्यावर बोट ठेवते ते ‘मर्यादित’मधल्या रफारावर. ‘‘हा भरणार. जाळीतून शाई उतरली की थोडी पसरते. रफार, अनुस्वार, आतल्या गाठी, सगळं बुजतं. नाव मोठं करा, नाहीतर नोंदणी क्रमांक काढा.’’

‘‘क्रमांक काढायचा नाही,’’ चेअरमन म्हणतात. ठीक. मग लोंब्या जातात. गव्हाच्या लोंब्यांची बाजू कुणी घेत नाही.

आता पिशवी. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवी ही भेट म्हणून चुकत नाही. ती भाजीला जाते आणि नाव मंडईत फिरतं. चेअरमनांना नेव्ही ब्लू हवी, मळखाऊ म्हणून. काका बाहेर येतात, हात पुसतात आणि निळ्या कापडाचा एक तुकडा टेबलावर टाकतात. त्यावर पिवळ्या शाईचा छाप आहे, पण तो शेवाळी दिसतोय.

‘‘गडद कापड खालून रंग खातं, साहेब. आधी पांढरा थर द्यायचा, तो वाळवायचा, त्यावर तुमचे रंग. एका रंगाला एक फ्रेम. सात रंग, सात फ्रेमा. पांढऱ्याची आठवी.’’

‘‘इंद्रधनुष्याला आठ फ्रेमा!’’ मॅडम हसतात.

खर्च फक्त फ्रेमांचा नाही. प्रत्येक पिशवी टेबलावर आठ वेळा स्क्वीजीखाली, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीखाली, जाणार आणि आठही वेळा रंग नेमका आपल्या पट्टीत बसला पाहिजे. कोपऱ्यात कामावरच्या मुलाचं काम चाललंय, दुसऱ्या कुणाच्यातरी दुरंगी पिशव्या. तो फ्रेम खाली आणतो, स्क्वीजी एका दमात ओढतो, फ्रेम उचलतो. हिरव्या पानाला लाल फूल चिकटायला हवं, तिथे कापडाची एक दोऱ्याएवढी फट दिसते. तो ती पिशवी बाजूला टाकतो. दोनच रंग, तरी बाजूचा गठ्ठा बऱ्यापैकी उंच झालाय.

मॅनेजर मोबाइल पुढे करतात. ‘‘ते फिल्मवालं का नको? सगळे रंग एकदम येतात म्हणे.’’ येतात. फिल्मवर उलटं चित्र, त्यामागे पांढरा थर, त्यावर गोंदाची पूड, आणि हीट प्रेसखाली ते कापडावर चिकटतं. काकांकडे नमुना आहे. मी हात लावून बघतो. रंग झगझगीत आहेत, पण तेवढा भाग ताठ लागतो, घडी घातली की आधी तोच जाणवतो. थोडक्या टी-शर्टांना ही पद्धत उत्तम. भाजीच्या पिशवीला ती मला तरी परकी वाटते.

मगाचा निकाल लवकर लागतो. त्यावर सब्लिमेशनने सातही रंग एका झटक्यात उमटतात, फक्त मग पांढरा आणि खास लेप दिलेला लागतो. म्हणजे जिथे रंग फुकट आहेत तीच वस्तू कुणाला नकोय. ‘‘घरोघरी कपाटात सहा-सहा पडलेत,’’ मॅडम म्हणतात आणि मग टेबलाच्या कडेला सरकतो.

बाटलीपाशी मात्र सगळे उठून उभे राहतात. लेसर मशीनच्या फिरत्या पकडीत काळी बाटली आडवी बसवली आहे. मुलगी बटण दाबते. प्रकाशाचा ठिपका थरथरत पुढे सरकतो, जळक्या लेपाचा वास येतो, आणि काळ्या पावडर कोटिंगखालचं स्टील अक्षरांच्या आकारात उघडं पडतं. रफारसुद्धा सुईच्या टोकाएवढा, स्वच्छ.

‘‘यात लाल नाही येणार?’’

‘‘रंग येतच नाही, मॅडम. वरचा लेप उडतो आणि आतलं स्टील दिसतं, एवढंच. शाईने करतो म्हणालात तर लाल होईल, पण भांडी घासणाऱ्या मावशी तारेची घासणी घेणार.’’

मॅडम मान डोलावतात. इथे युक्तिवाद संपतो.

पेनाच्या अंगावर जागाच बोटाच्या दोन पेरांएवढी. पॅड प्रिंटिंगच्या मशीनवर सिलिकॉनचा मऊ गोळा कोरलेल्या प्लेटवरची शाई उचलतो आणि पेनाच्या गोलाईवर दाबतो. गोळा वाकतो म्हणून छाप गोलावर नीट बसतो. चेअरमनांना त्यात संस्थापकांचं नाव, शाखा आणि ब्रीदवाक्यही हवंय. काका फक्त पेन त्यांच्या हातात देतात. साहेब ते डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, चष्मा काढतात. नाव आणि फोन नंबर एवढंच ठरतं, एका रंगात.

उरतं पिशवीवरचं इंद्रधनुष्य. मुलीने तोवर पडद्यावर एक गंमत केली आहे: सातही पट्टे ठेवलेत, पण एकाच लाल रंगात, वरचा जाड, खालचा बारीक, मधे कापड मोकळं.

‘‘सात रंग नाहीत तर सहकार कसा?’’ चेअरमन अस्वस्थ होतात. दर नोव्हेंबरला, 14 ते 20 तारखेच्या सहकार सप्ताहात, ते सप्तरंगी झेंडा फडकवतात. इंटरनॅशनल को-ऑपरेटिव्ह अलायन्सने तो 1925 मध्ये स्वीकारला होता. त्याच अलायन्सने 2001 मध्ये सात पट्टे उतरवून पांढऱ्यावर कबुतरांचं चिन्ह घेतलं, हे मी सांगायचं टाळतो. आधीच कमी गुंता नाही.

‘‘साहेब, पट्टे सात आहेत ना,’’ मॅडम म्हणतात. साहेब मोजतात. सात आहेत.

मांजरपाट, एक रंग, एक फ्रेम. पण लाल कोणता? काका पॅन्टोनचा, नंबर दिलेल्या रंगपट्ट्यांचा पंखा उघडतात. 1963 पासून जगभरचे छापणारे या नंबरांनी बोलतात, पण एकच नंबर चकचकीत कागदावर एक दिसतो आणि साध्यावर दुसरा. मांजरपाटाचा पिवळट पोत त्याहून वेगळाच. म्हणून नंबर हा नुसता पत्ता. काका काट्यावर वाटी ठेवून लाल घेतात, चिमूटभर पिवळा, खुरपीने घोटतात, ग्रॅम वहीत लिहितात आणि त्याच कापडाच्या तुकड्यावर छाप मारतात. ट्यूबलाईटखाली तो विटकरी दिसतो. ‘‘इथे नको, चला बाहेर.’’ सगळी मंडळी चौकात, पागोळ्यांच्या अलीकडे उभी राहते. ढगाळ उजेडात तोच तुकडा कुंकवासारखा उमलतो.

साहेब खूश होतात. तुकड्यावरच पेनाने ‘मंजूर’ लिहून सही करतात. मॅनेजर हौसेने त्याचा फोटो संचालकांच्या ग्रुपवर टाकतात. पाच मिनिटं होत नाहीत तोच व्हाईस चेअरमनांचा फोन येतो.

‘‘लाल जरा भगव्याकडे झुकतोय का?’’

काका हात पुढे करून फोन मागतात. ‘‘साहेब, नमस्कार. तुमच्या मोबाइलचा लाल माझ्याकडे मिळत नाही. संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो. या, बघा, दुसरी सही करा. तोवर फ्रेम धुऊन ठेवतो.’’