हिमप्रदेशांतील स्वावलंबन

‘स्वावलंबन’ हा शब्द आपण निबंधांत पुष्कळ वेळां लिहितों. जेथें दुकान नाहीं, शेत नाहीं, झाडसुद्धां नाहीं, तेथें त्याचा अर्थ काय होतो, हें आज पाहूं.

सैबेरियाच्या उत्तरेस, बर्फाळ सागरांत, रँगेल नांवाचें बेट आहे. सप्टेंबर १९२१ मध्यें चार तरुण पुरुष व अलास्कांतील इन्युपियात जातीची २३ वर्षांची एडा ब्लॅकजॅक हीं तेथें उतरलीं. मोहिमेचे योजक स्टेफान्सन स्वतः गेले नव्हते. ध्रुवप्रदेश हा माणसाचा मित्र असून शिकारीवर तेथें सहज राहतां येतें, असें त्यांचें मत होतें. म्हणून अन्न सुमारें सहा महिन्यांचेंच नेलें होतें. १९२२ सालीं पाठविलेलें जहाज बर्फामुळें परतलें. जानेवारी १९२३ मध्यें तिघेजण मदतीसाठीं बर्फावरून निघाले, ते पुन्हा कोणास दिसले नाहींत. मागें राहिलेला लॉर्न नाइट स्कर्व्ही रोगानें अंथरुणास खिळला.

त्या प्रदेशांत माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत, हें खरें. कॅरिबू हरणाचे केस पोकळ असतात. त्यांत हवा कोंडून राहते, म्हणून त्याच्या कातड्याचा अंगरखा ऊब देतो. शिवण स्नायूंच्या तंतूंची असते. तंतु भिजला कीं फुगतो व सुईचें छिद्र बुजतें. सीलचें मांस अन्न होतें, चरबी दिव्यांत जळते. ताज्या, कमी शिजविलेल्या मांसांत ‘क’ जीवनसत्त्व असतें, तें स्कर्व्ही होऊं देत नाहीं. परंतु ही विद्या मुलें वडीलधाऱ्यांजवळ राहून वर्षानुवर्षें शिकतात.

एडाला ती मिळाली नव्हती. ती मिशनऱ्यांजवळ वाचन, शिवण व स्वयंपाक शिकली होती. क्षयी मुलाच्या उपचारासाठीं पैसा मिळावा म्हणून कपडे शिवण्याच्या कामावर ती आली होती. आतां तिनें सापळे लावून कोल्हे धरले, बंदूक चालविण्याचा सराव करून सील मारले, अस्वलें दुरून दिसावीं म्हणून उंच माचा बांधला, कातडें ताणून होडी केली. रोग्याची शुश्रूषा करून उरलेल्या वेळीं ती बायबल वाची. जूनमध्यें नाइट वारला. ऑगस्ट १९२३ मध्यें जहाज आलें, तेव्हां ती व एक मांजर एवढींच जिवंत होतीं. मिळालेल्या पैशांतून तिनें मुलास उपचारासाठीं सिॲटल शहरीं नेलें.

शिवणाच्या तासानें अभ्यास बुडतो, अशी कांहीं पालकांची तक्रार आमच्या कानीं येते. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, हातांस आलेली विद्या केव्हां उपयोगी पडेल, हें आधीं कोणासच सांगतां येत नाहीं. स्वावलंबन हें केवळ धाडसानें येत नाहीं. तें शिकावें लागतें, आणि शिकण्याची संवय शाळेंतच लागते.