छर्‍याच्या बंदुकीचा नेम

मराठवाड्यात छर्‍याची बंदूक बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा येते ती जत्रेत. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, फळीवर फुगे लावलेले असतात आणि समोर गडी उभा असतो. अंतर चार पावलांचं. नळीच्या टोकावरची माशी जरा वाकडी असली तरी फुगा फुटतो आणि नेमबाज खुशीत घरी येतो. तशीच बंदूक विकत घेऊन उदगीरच्या शिवारात २० मीटरवर कागद लावला, की छर्रा कुठे गेला हेच कळत नाही. मग शिव्या दुकानदाराला. खरं तर बंदुकीत खोट क्वचितच असते. ती त्या अंतराला लावलेलीच नसते.

नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा बसवायचा, नळी मिटवायची, चाप ओढायचा. पिस्टन पुढे झेपावतो आणि दाबलेली हवा छर्‍याला बाहेर फेकते. छर्रा डमरूच्या आकाराचा, ४.५ मि.मी. व्यासाचा, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. नळीबाहेर पडताक्षणी तो खाली येऊ लागतो. नजरेची रेषा सरळ आणि छर्‍याची वाट वाकडी, एवढंच सगळं दुखणं. १७६० मध्ये याच उदगीरच्या मोहिमेत निजामाविरुद्ध चाललेल्या, मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारदीच्या तोफांनाही हे चुकलं नव्हतं. अंतराप्रमाणे तोफेचं तोंड वरखाली करावंच लागे.

आता हिशेब बघा. दुर्बीण नळीच्या ४ सें.मी. वर बसवली आहे, छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटतो आणि २० मीटरवर नेम बरोबर लावला आहे. हवेचा अडथळा सोडून दिला, तर ५ मीटरवर छर्रा नेमाच्या २ सें.मी. खाली लागेल, १० मीटरवर ८ मि.मी. खाली. साधारण १६ मीटरवर तो नजरेच्या रेषेला खालून येऊन भेटतो, २० वर पुन्हा भेटतो आणि मग उतरणीला लागतो. ३० मीटरवर पावणेदोन सें.मी. खाली, आणि हवेचा अडथळा धरला तर आणखी खाली. म्हणजे जवळच्या निशाणालाही छर्रा खालीच जातो! नवख्याला हे पटत नाही, कारण जवळ म्हणजे सोपं हे डोक्यात पक्कं असतं. पण याच लावणीत १२ ते २३ मीटरपर्यंत फरक अर्ध्या सें.मी.च्या आसपासच राहतो. म्हणून शेतात हौस करणाऱ्याने २० मीटरवर लावून मोकळं व्हावं, असं माझं मत.

लावताना एका छर्‍यावर काही ठरवू नये. पाच छर्रे एकाच जागी नेम धरून मारावेत आणि त्या पुंजक्याचा मध्य पाहावा. पुंजकाच विखुरलेला असेल तर साइटला हात लावू नये. दुर्बिणीचे स्क्रू, छर्‍याची जात आणि आपली पकड तपासावी. स्प्रिंगची बंदूक झटका पुढे-मागे दोन्हीकडे देते. ती टणक ओट्यावर टेकवली की उसळते. तळव्यावर सैल विसावू द्यावी. मागची साइट, छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच सरकवायची. माशी हलवायची झाल्यास उलट. दुर्बिणीचा एक क्लिक बहुधा १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे २० मीटरवर १.४ मि.मी. छर्रे १४ मि.मी. खाली लागत असतील तर १० क्लिक वर. हीच चूक १० मीटरवर दिसली तर मात्र २० क्लिक लागतील. इथेच बरेच जण फसतात.

स्पर्धेच्या १० मीटर एअर रायफलमध्ये अंतराचा प्रश्नच नाही, दुर्बीणही चालत नाही. भोकातून पाहायची पीप साइट असते. निशाणाचा दहाचा ठिपका अर्ध्या मि.मी.चा. तरीही ६० फैरींच्या आधी तयारी आणि साइटिंगला १५ मिनिटं दिली जातात. २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झालेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीललाही त्यातून सुटका नव्हती. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचा प्रकार वेगळा, .२२ च्या रायफलचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. तिथे अंतर ५० मीटरच राहतं, पण गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने मारताना शरीर बदलतं, आणि त्याबरोबर साइटही पुन्हा जुळवावी लागते.

शिवारात वारा असतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा त्याने सहज ढकलला जातो. म्हणून नेम पहाटे लावावा. छर्‍याचा ब्रँड बदलला तर पुन्हा लावावा, आणि कोणत्या अंतराला किती क्लिक हे दस्त्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावं.

४.५ मि.मी.च्या, २० ज्यूलच्या आतल्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं होत नाही. निशाणामागे मातीचा ढीग हवाच, दगडी बांध नको; छर्रा उलटून डोळ्यात जातो. आणि होला, तितर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नेम कागदावरच लावा.